लिंबाच्या रसातला माणिक

ही गोष्ट घडली तेव्हा तुमचे आजोबाच काय, आजोबांचे खापरपणजोबासुद्धा जन्माला आले नव्हते. एका डोंगररांगेच्या अलीकडे एका राजाचं राज्य होतं आणि पलीकडे एका राणीचं. दोघांमध्ये वैर नव्हतं, पण सोयरीकही नव्हती. खिंडीतून मीठ यायचं, लोकर जायची, एवढीच काय ती ओळख.

एका वर्षी राजाच्या मुलखात तापाची साथ आली. एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या गावात ताप चालत गेला. उपचार करणारे वैद्यच आधी अंथरुणाला खिळले. पाणवठे ओस पडले. कोणी कोणाच्या दारात उभं राहीना.

पलीकडच्या राणीला हे कळलं. तिला कोणी निरोप धाडला नव्हता, मदत मागितली नव्हती. तरी तिने वीस वैद्य निवडले, खेचरांवर मुळ्या आणि साली लादल्या आणि त्यांना खिंडीतून अलीकडे पाठवलं. ते वैद्य सात महिने राहिले. लोकांच्या ओसरीवर झोपले, लोकांच्या चुलीवर काढे उकळले. हळूहळू ताप उतरला. वीस वैद्य आले होते, परत जाताना सतरा गेले. तिघांचे देह ताप निववता निववता याच मातीत पडले.

राजाने लोकांना चावडीसमोर बोलावलं. तो म्हणाला, "असे उपकार फेडता येत नाहीत. पण आम्ही ते विसरलेलो नाही, एवढं तरी सांगता येतं. ते कसं सांगावं?"

तेव्हा खिंडीतून ये-जा करणाऱ्या एका जाणत्याने सांगितलं, की राणीने त्या तिघांच्या नावाने एक दगडी दीपस्तंभ उभारला आहे. तिकडची रीत अशी, की जो दुसऱ्यासाठी जीव देतो त्याच्या दिव्याखाली एक माणिक बसवायचा. माणिकाचा रंग रक्ताचा, म्हणून. दीपस्तंभ तयार आहे, पण माणकाची खोबण अजून रिकामी आहे.

"तो माणिक आपण देऊ," राजा म्हणाला. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता त्या राज्यात रत्नं पारखणारा एक म्हातारा होता, भानोबा. चाळीस वर्षं तो राजाचा पारखी होता. त्याने खरा म्हटला तो खडा खरा, खोटा म्हटला तो खोटा. लोक शपथ घेतानासुद्धा म्हणायचे, "भानोबाच्या भिंगाची आण." आपल्या डोळ्यांवर हल्ली पातळ धुकं उतरू लागलं आहे, हे मात्र भानोबाने कोणालाच सांगितलं नव्हतं. खरं तर त्याने ते स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

दवंडी पिटली गेली आणि तीन माणसं तीन माणिक घेऊन दरबारात आली.

पहिला माणिक दूरदेशीच्या एका फिरत्या व्यापाऱ्याचा होता. बोराएवढा मोठा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आणि आत एक ठिपका नाही की रेघ नाही. दरबारी पाहतच राहिले. भानोबाने स्फटिकाचं भिंग डोळ्याला लावलं, खडा उजेडात धरून सावकाश फिरवला आणि खाली ठेवला.

"महाराज, हा भट्टीतला आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"जमिनीच्या पोटात माणिक वाढतो तो थरावर थर बसून. त्याच्या आत रंगाच्या रेघा असतात त्या सरळ जातात आणि कोनात वळतात, घराच्या भिंती वळतात तशा. भट्टीत चूर्ण वितळवून खडा करतात तेव्हा रस गोल गोल निवत जातो. मग आतल्या रेघाही वाकड्या उमटतात, कोयरीच्या पाठीसारख्या. या खड्यात तशा रेघा आहेत, आणि एका कडेला हवेचे दोन बारीक बुडबुडे अडकले आहेत. मातीतल्या माणकात सहसा असे गोल बुडबुडे नसतात."

व्यापारी ओशाळला नाही. तो म्हणाला, "कोणी विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं. दिसायला सुंदर आहे, म्हणून आणला."

"सुंदर आहेच," भानोबा म्हणाला. "कुणा नवरीच्या नथीत शोभेल. फक्त घेणाऱ्याला आधी सांग, तो विचारायची वाट बघू नकोस."

दुसरा माणिक शहरातल्या लखमशेटचा होता. लखमशेट म्हणजे मोठा जवाहिऱ्या, भानोबाच्या जुन्या ओळखीचा. त्याचा खडा पहिल्याहून थोडा लहान, पण रंग असा, की निखाऱ्यावरची राख नुकती फुंकून काढावी. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. तिसरा प्रहर झाला होता आणि भानोबाचे डोळे दुखत होते. त्याने भिंगातून पाहिलं. आत अगदी बारीक सुया एकमेकींवर तिरप्या पडाव्यात तसे धागे होते. पारखी त्यांना रेशीम म्हणतात, आणि ते रेशीम मातीच्या पोटातच विणलं जातं. रेघाही सरळ होत्या. भानोबाने भिंग खाली ठेवलं.

"खरा आहे," तो म्हणाला.

तिसरा माणिक खेमा नावाच्या धनगराचा होता. त्याला तो ओढ्याच्या वाळूत सापडला होता. वाटाण्याएवढा, फिकट, आत काळे ठिपके आणि दाट रेशीम. भानोबाने तोही पाहिला.

"हाही खरा. पण लहान आहे, आणि तेजही बेताचं."

राजाने लखमशेटचा माणिक निवडला. आठ दिवसांनी प्रधान आणि चाळीस माणसं तो घेऊन खिंडीकडे निघणार, असं ठरलं. खेमा आपला खडा फडक्यात बांधून मेंढ्यांकडे परत गेला.

निवडलेल्या माणकाची एक कड किंचित खरखरीत होती. म्हणून तो जिल्हई द्यायला सगुणेकडे आला.

सगुणा ही खड्यांना चकाकी आणणारी कारागीर. तिचा नवरा हेच काम करायचा. तो गेला तेव्हा तिला कोणी सहाणेपाशी बसू देईना. बाईचा हात या कामाला चालत नाही, म्हणायचे. तेव्हा भानोबाच म्हणाला होता, "हात बाईचा की पुरुषाचा हे दगडाला कळत नाही. हात चांगला की वाईट, एवढंच त्याला कळतं." त्याने तिला काम दिलं, आणि त्या कामावर तिने आपली लेक मैना वाढवली.

सगुणेने माणकाची कड घासली. मग सहाणेचं तेल आणि चिकटा निघावा म्हणून तिने तो नेहमीप्रमाणे वाटीभर लिंबाच्या रसात टाकला आणि पाणी भरायला गेली. त्या दिवशी रहाटापाशी गर्दी होती. घरी येऊन स्वयंपाक, धुणं करता करता संध्याकाळ झाली. तेव्हा कुठे तिला वाटीची आठवण झाली.

तिने खडा धुतला, पुसला आणि बोटाने चाचपला. जिथे आरशासारखं गुळगुळीत असायला हवं होतं, तिथे नखाला काहीतरी अडकलं. तिने तो मावळत्या उन्हात धरला. माणकाच्या पाठीवर पांढुरक्या रेघांचं जाळं उमटलं होतं, वाळलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात तसं. तिने खडा थोडा कलता केला. एका भेगेच्या आत निळी झाक चमकून गेली, पारव्याच्या मानेवर चमकते तशी. परत सरळ केला, झाक गेली. परत कलता केला, पुन्हा आली.

सगुणेने खडा वाटीशेजारी ठेवला. तिने इतकी वर्षं माणिक घासले होते. लिंबाच्या रसाने माणकाचं काहीही बिघडत नाही, हे तिला ठाऊक होतं. बिघडते ती काच. खडा मातीतलाच होता, पण भेगाळलेला होता. कोणीतरी तो तापवून त्याच्या भेगांत पातळ काच ओतली होती. बाहेरून सगळं सांधलं गेलं होतं आणि रंग उजळला होता. रसाने ती काच खाल्ली आणि भेगा उघड्या पडल्या.

शेजारीण डोकावली. सगुणेचा चेहरा पाहून तिने विचारलं, तेव्हा सगुणेने सगळं सांगितलं.

"गप्प राहा बाई," शेजारीण म्हणाली. "पुन्हा घास, पुन्हा चमकव, देऊन टाक. खिंडीपलीकडे गेला की कोण बघतंय? भानोबाच्या शब्दावर तू बोट ठेवणार? ज्याने तुला पोटाला लावलं, त्याच्यावर?"

"म्हणूनच तर ठेवायला हवं," सगुणा म्हणाली. "त्यांनी मला पोटाला लावलं, आणि ते चुकताना मी बघत राहू?"

अजून एक गोष्ट तिच्या मनात होती, ती तिने शेजारणीला सांगितली नाही. तापात मैना अकरा दिवस बेशुद्ध होती. शिवदेव नावाचे एक वैद्य तिच्या उशाशी बसून असायचे. मैना उठली आणि पुढच्या पंधरवड्यात शिवदेव गेले. दीपस्तंभावरच्या तीन नावांत एक नाव त्यांचं होतं.

सगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी भानोबाच्या घरी गेली. तो ओसरीवर बसला होता.

"काका, राजाचा माणिक आणलाय," ती म्हणाली. "त्यात काच भरलेली आहे."

भानोबा आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. पण त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"सगुणा, तुझं काम खडे घासायचं. पारखायचं काम माझं."

"हो काका. मी पारखायला आले नाही. जे दिसलं ते सांगायला आले."

"तुझ्याकडून लिंबाच्या रसात बिघडला असेल."

"माणिक लिंबाने बिघडत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

भानोबाने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत माझा एक खडा चुकला नाही. हा चुकला असं मी दरबारात सांगू? कोणाच्या सांगण्यावरून?"

सगुणेने पदर सावरला. ती म्हणाली, "काका, एक सांगू का? मैना तापात होती तेव्हा शिवदेव वैद्यांनी तिला एक काढा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते थेट चुलीपाशी गेले. भांडं उचललं आणि काढा उकिरड्यावर ओतून आले. मला म्हणाले, 'बाई, मी चुकलो. हा ताप मी ओळखला तो नव्हे. दोन दिवस वाया घालवले. आता दुसरं औषध देतो.' एवढा मोठा माणूस, आणि मी कोण? मला सांगितलं नसतं तरी मला काय कळणार होतं? पण त्यांनी मान्य केलं, म्हणून औषध बदललं. औषध बदललं, म्हणून माझी पोर आज अंगणात खेळते. त्यांच्या दिव्याखाली काच बसवायची असेल तर बसवा. माझा हात त्या कामाला लागणार नाही."

एवढं बोलून तिने माणकाची डबी ओसरीवर ठेवली आणि नमस्कार करून निघून गेली.

भानोबा आतून भिंग घेऊन आला. मग त्याने डबी उघडली, भिंग लावलं आणि खडा उन्हाकडे धरला. लाल उजेड दिसला. त्यापुढे सगळं धूसर. त्याने डोळे चोळले, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. तरी धूसरच. शेवटी त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि अंगठ्याचं नख माणकाच्या पाठीवरून फिरवलं. नख अडकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

त्याला आधी राग आला, लखमशेटचा. मग सगुणेचा. मग स्वतःच्या डोळ्यांचा. आणि सगळा राग ओसरल्यावर जे उरलं, ती भीती होती. ज्या माणसाचा शब्द म्हणजे शपथ, त्याचा शब्द खोटा ठरल्यावर त्याच्यापाशी काय उरतं? लोक उद्या म्हणतील, मागचे किती खडे असेच गेले असतील. आणि ते म्हणणं चुकीचंही नसेल.

त्याने मनात दोन्ही वाटा चालून पाहिल्या. गप्प राहिलं तर आज कोणालाच काही कळणार नव्हतं. पण दीपस्तंभावरचा दिवा रोज लागणार होता, दिव्याचं तेल आणि ऊन-पाऊस त्या काचेवर रोज पडणार होते. पाच वर्षांनी म्हणा, दहा वर्षांनी म्हणा, भेगा उघड्या पडल्या असत्या. तेव्हा राणीच्या लोकांनी काय म्हटलं असतं? आमच्या तीन माणसांची आठवण यांनी काचेने लिंपली.

भानोबा उठला, काठी घेतली आणि चालत सगुणेच्या घरी गेला. चाळीस वर्षांत तो कोणा कारागिराच्या दारी गेला नव्हता. गल्लीतली माणसं बघत राहिली.

"सगुणा," तो दारातूनच म्हणाला, "मला नीट दिसत नाही. गेली दोन वर्षं दिसत नाही. कोणाला सांगितलं नाही. तू दाखव."

सगुणेने त्याला पाट दिला. मग माणिक चिमट्यात धरला, दाराच्या उजेडात आणला आणि अगदी सावकाश कलता केला. भानोबाने भिंगातून पाहिलं. धुक्यातूनही ती निळी झाक त्याला दिसली. एकदा दिसल्यावर मग ती नाकारता येईना.

"आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खडा कलता करून पाहिलाच नाही. रेशीम दिसलं, तेवढ्यावर समाधान मानलं."

त्याने भिंग खाली ठेवलं. मग त्या म्हाताऱ्याने आपल्याहून लहान असलेल्या, आपल्याच हाताखाली काम केलेल्या त्या बाईला हात जोडले.

"काका, हे काय?" सगुणा गडबडून उठली.

"बस. मला पूर्ण करू दे. चाळीस वर्षं लोकांनी मला मान दिला. तू आज मला खरं दिलंस. मान देणारे पुष्कळ असतात गं. तुझे उपकार मी विसरणार नाही."

त्याच दुपारी भानोबा सगुणेला घेऊन दरबारात गेला. राजापुढे डबी उघडून तो म्हणाला, "महाराज, माझी चूक झाली. हा माणिक मातीतला आहे, पण त्याच्या भेगांत काच भरलेली आहे. मी तो खरा म्हणालो, ते अर्धंच खरं होतं."

दरबारात कुजबुज झाली. प्रधान पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "महाराज, निघायला पाच दिवस राहिलेत. ही गोष्ट आपण एवढीच माणसं जाणतो. खडा पुन्हा घासून घेतला तर कोणाला दिसायचंही नाही. आणि माणिक तो माणिकच आहे ना?"

राजाने भानोबाकडे पाहिलं.

भानोबा म्हणाला, "आपण आभार मानायला चाललो आहोत, महाराज. खोटं बोलायला जगात इतर जागा पुष्कळ आहेत. आभारात खोटं मिसळलं, तर मग खरं ठेवायचं कुठे?"

राजाने विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"माझ्या लक्षात आलं नाही. या सगुणेच्या आलं. मी आधी तिचं मानलं नाही. खडा तिच्याकडूनच बिघडला असेल, असंही म्हणालो. माझे डोळे अधू झालेत, तेही मी लपवलं. महाराजांनी दुसरा पारखी नेमावा."

लखमशेटला बोलावणं गेलं. तो आला आणि शांतपणे म्हणाला, "मी खोटं कुठे बोललो? तुम्ही विचारलंत, माणिक आहे का? माणिक आहे. काच आहे का, असं कोणी विचारलंच नाही."

"शेट," भानोबा म्हणाला, "खडा तापवणं हा गुन्हा नाही. भेग सांधणं हाही नाही. फुटकं भांडं कल्हईवाला सांधतोच की. पण सांधलेलं भांडं तो नवं म्हणून विकत नाही. तुम्ही आगीत काही लपवलं नाहीत, बोलण्यात लपवलंत. आणि मी तर त्याहून पुढचा. मी न बघता सांगितलं."

लखमशेटने मान खाली घातली. भानोबाने एकट्या त्याला दोषी धरलं असतं तर तो भांडला असता. पण म्हाताऱ्याने आपला वाटा आधी उचलला होता, तेव्हा त्यालाही आपला वाटा नाकारता आला नाही. तो म्हणाला, "महाराज, खडा मी परत नेतो. माझ्याकडून चूक झाली."

मग राजाने घोडेस्वार पाठवून खेमा धनगराला शोधून आणवलं. त्याचा वाटाण्याएवढा माणिक पुन्हा दरबारात आला. या वेळी भानोबाने तो सगुणेच्या हातात दिला. तिने सकाळच्या उन्हात, सगळ्या बाजूंनी, कलता करून, उलटा करून पाहिला. दिवसभर लिंबाच्या रसात ठेवला. संध्याकाळी काढला तेव्हा तो जसा होता तसाच होता, उलट जरा जास्तच स्वच्छ.

"मातीतला," ती म्हणाली. "आग लागलेली नाही, काच नाही, वरून दिलेला रंग नाही. आतलं रेशीम जसं विणलं गेलं तसं शाबूत आहे."

खेमाला राजाने काय हवं ते माग म्हटलं. खेमा म्हणाला, "माझे आईबाप त्या वैद्यांनी वाचवले. या खड्याचं काही घेतलं तर रात्री झोप लागायची नाही." आणि तो पुन्हा मेंढ्यांकडे गेला.

ठरल्या दिवशी माणसं निघाली. राजाने प्रधानाला बजावलं होतं, की घडलेलं सगळं राणीला सांगायचं, काहीही गाळायचं नाही. प्रधानाला ते अवघड वाटलं, पण त्याने सांगितलं. कोणता खडा आधी निवडला होता, पारखी कुठे चुकला, घासणाऱ्या बाईने ते कसं ओळखलं, आपण स्वतः काय सल्ला दिला होता, तेसुद्धा. मग त्याने फडकं उलगडून तो लहानसा माणिक पुढे केला.

"लहान आहे," तो म्हणाला, "पण यात आम्ही काही मिसळलेलं नाही."

राणीने माणिक तळहातावर घेतला. आतले ठिपके पाहिले, धागे पाहिले. तो उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "मोठा खडा आला असता तर मी तो बसवला असता आणि तुमच्या राजाचं कौतुक केलं असतं. हा बसवताना मला माझी तीन माणसं आठवतील. तुमच्या राजाला सांगा, आमची माणसं योग्य जागी गेली होती."

तिने तो माणिक आपल्या हाताने दिव्याखालच्या खोबणीत बसवला. खोबण मोठी होती, म्हणून कडेने चांदी भरली, आणि तिथे चांदी भरली आहे हे कोणालाही दिसेल अशीच भरली.

पुढच्या वर्षीपासून खिंडीतली ये-जा नुसती मीठ आणि लोकरीपुरती राहिली नाही. वैद्यकी शिकायला अलीकडची मुलं-मुली पलीकडे जाऊ लागली. त्यांत पुढे मैनाही गेली, आणि वैद्य होऊन परत आली.

राजाने भानोबाला निवृत्त होऊ दिलं नाही. तो म्हणाला, "जो स्वतःची चूक भर दरबारात सांगतो, त्याच्यावर मी आता जास्त विश्वास ठेवतो." पण भानोबाच्या शेजारी सगुणेचा पाट मांडला गेला. तो बोलायचा, ती बघायची. जुने खडेही त्या दोघांनी एक एक करून पुन्हा तपासले. त्यांत आणखी दोन चुकलेले निघाले. भानोबा स्वतः त्या मालकांच्या घरी गेला, सांगितलं, आणि माफी मागितली. लोकांनी नावं ठेवली नाहीत. उलट ज्यांचे खडे खरे निघाले, त्यांना ते दुप्पट खरे वाटू लागले.

बाजारातही एक नवी रीत पडली. प्रत्येक खड्याबरोबर त्याची हकिकत सांगायची, न विचारता. हा मातीतला आणि जसाच्या तसा. हा मातीतला, पण आगीतून गेलेला. याच्या भेगा काचेने भरल्या आहेत, याला लिंबू लावू नका. हा भट्टीतला. ही रीत पहिल्यांदा कोणी पाळली असेल, तर लखमशेटने. त्याला वाटलं होतं धंदा बसेल. पण झालं उलटंच. ऐपत बेताची असलेली माणसं उघड्या डोळ्यांनी भट्टीतले खडे नेऊ लागली, आणि लेकीच्या कानात घालताना त्यांना कसलीच लाज वाटेना.

काही वर्षांनी भानोबाची दृष्टी पार गेली. तरी तो रोज सकाळी पाटावर येऊन बसायचा. एकदा एका परक्या माणसाने त्याला विचारलं, "बाबा, तुम्हाला तर काही दिसत नाही. मग इथे बसून काय करता?"

भानोबा हसला. म्हणाला, "पारखायला सगुणा आहे. मी आभार मानायला बसतो. ते काम मला उशिरा जमायला लागलं, म्हणून जरा जास्त करतो."

तेव्हा मुलांनो, आणि मुलांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, बोध एवढाच: आपली चूक जो आपल्याला तोंडावर दाखवतो त्याचे मनापासून आभार मानता येणं, हीच माणसाच्या खरेपणाची पारख.